खडखड्या काही केल्या पास होईना

मूर्तिजापूरला बस चहासाठी थांबली, दीपमालानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि शेजारच्या टेम्पोत तिला आपला बैल दिसला. उताणा! चारी चाकं आभाळाकडे, शिंगं चिंध्यांत गुंडाळलेली, पोटावर पावसाची झिमझिम. ती तरातरा खाली उतरली.

"अवो भाऊ, ह्या बैलाले असं उताणं काहून टाकलं?"

टायर तपासत बसलेला माणूस उठला. कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा, गालाला ग्रीस, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"चाकावर उभा केला तं पळते तो, ताई. बदनेऱ्याले साच्यातून काढला, अकोल्याले नेऊन राहिलो. खडखड्या हाय हा, मोबाइलवरचा. वळखला नाही काय?"

वळखला नाही काय! अहो, तिनंच त्याला जन्माला घातला होता. तान्ह्या पोळ्याला लेकरं दोरीनं ओढत नेतात तो चाकांचा लाकडी बैल; पोळा सरला की कपाटावर चढवतात आणि वर्षभर विसरतात. असाच एक बैल कपाटावर कंटाळतो, खाली उडी मारतो आणि वऱ्हाडभर हुंदडतो — हे दीपमालाचं कार्टून. अमरावतीच्या घरात बसून ती ते काढायची, आणि पोरं जेवताना तेच लावून मागायची. आता अकोल्याजवळच्या एका पार्कात खडखड्याची पाळणागाडी होणार होती — बारा बैल एकामागे एक, रुळावरून चढत-उतरत.

"पन ज्यानं कोनं काढला ना," तो माणूस पुढे म्हणाला, "त्यानं बैल मागून कधी पाह्यलाच नाही. जिकडे पाहा तिकडे तोंडच! शेपटी कुठून सुरू होते, हे मले सपनात दिसन काय?"

"त्यानं नाही, तिनं," दीपमाला म्हणाली. "आन् ती तुमच्यासमोर उभी हाय."

त्यानं जीभ चावली. एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"...चहा घेता काय, मॅडम?"

त्याचं नाव संघपाल. अकोल्यातल्या छोट्याशा वर्कशॉपचा मालकही तोच, वेल्डरही तोच. पहिल्या भेटीत तिनं त्याला भाऊ म्हटलं, त्यानं तिला ताई. पण चहाचा कप रिकामा झाला आणि त्यानंतर हे दोन शब्द दोघांच्याही तोंडून कोणी ऐकले नाहीत!

कार्टूनच्या कंपनीचा नियम साधा होता. दर शुक्रवारी दीपमालानं अकोल्याला जायचं, पहिला बैल तपासायचा, कागदावर चूक लिहायची नाहीतर 'पास' लिहायचं. पहिला पास झाल्याशिवाय बाकीचे अकरा साच्यातून काढायचे नाहीत. आणि तान्ह्या पोळ्याला गाडी सुरू झालीच पाहिजे, असं पार्कचे मालक खुशालराव सगळ्यांना बजावत फिरत होते.

पहिल्या शुक्रवारी चूक खरीच होती. शिंगं भलतीच जाड. संघपाल तिच्यासमोर ती घासत बसला आणि तिनं पत्र्यावर खडूनं, आयुष्यात पहिल्यांदा, खडखड्याची पाठ काढली.

"हां, आता कसं," तो म्हणाला. "पाठमोरा पाह्यल्याबिगर कोनी पुरा समजत नाही."

"म्हंजे मले पाठमोरं पाह्यलं वाटते तुमी?"

"एकच डाव जी... तुमी बसच्या मांगं पळून राहिल्या होत्या तवा."

आणि तो हसला. आता डोळ्यांचं सांगते. हसला की ते पार मिटून जायचे, जणू दुकानाचं शटरच पडलं. हसणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून समोरच्याला खुशाल पाहून घेता येतं. दीपमालानं पाहून घेतलं. झालं! पोरगी गेली कामातून.

दुसऱ्या शुक्रवारी शिंगं अगदी हवी तशी होती. तिनं कागद काढला, पेन उघडलं... आणि थबकली. 'पास' लिहिलं की संपलं. मग अकोल्याला यायचं कशाला? कोणत्या तोंडानं? तिनं लिहून टाकलं — 'कान अर्धा बोट खाली घ्यावा.'

संघपालनं कागद वाचला. "डावा का उजवा?"

"...दोन्ही."

तिसऱ्या शुक्रवारी डोळा रागीट निघाला. हे मात्र खरं होतं हं! बैल असा वटारून बघत होता की लेकरांनी भोकाडच पसरलं असतं. दीपमालानं मोठ्या आनंदानं चूक लिहिली आणि दोघांनी वर्कशॉपच्या दारात बसून गिलक्याची भजी खाल्ली. पाऊस थांबला तरी उठायचं दोघांनाही सुचलं नाही.

पुढच्या बुधवारी फोन आला. वर्कशॉपमध्ये रंगकाम करणाऱ्या बेबीताईंचा.

"जय भीम, मॅडम. लहान तोंडी मोठा घास घेतो म्हना, पन सांगतो. खुशालराव म्हनते, या शुक्रवारी बैल पास नाही झाला तं काम दुसऱ्याले देतो. पोराचं पयलं मोठं काम हाय हे. गेलं तं उद्या कोनी दारात उभं करनार नाही त्याले. आन् तो तोंडानं तुमाले काही बोलनार नाही. अवो, कान ठीकच होते ना!"

दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या चार भेटींसाठी आपण त्याच्या पोटावर पाय देत होतो? रात्रभर तिला झोप नाही. शुक्रवारची वाट न बघता गुरुवारीच पहिली बस धरून ती अकोल्याला पोचली.

खडखड्या वर्कशॉपच्या मधोमध चाकांवर उभा होता. रंग ओला.

"मले काही सांगायचं हाय," ती दारातूनच म्हणाली. "कान बरोबर होते. मीच खोटं लिहिलं. पास केलं असतं तं... यायचं निमित्त संपलं असतं. तुमचं काम हातचं जाऊन राहिलं होतं आन् मले कळलंबी नाही. माफ करा."

संघपालनं हातातली कानस पुसून खाली ठेवली.

"डोळा मीच रागीट केला होता," तो म्हणाला.

"काय?"

"चांगला जमला होता जी. मंग म्हटलं, चूक नाही सापडली तं या मॅडम पुढच्या शुक्रवारी कायले येतीन?"

दीपमालाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं. दोन शहाणे! एक चूक शोधतंय, दुसरं चूक पेरतंय, आणि बैल बिचारा उगाच नापास!

"आज तरी नीट हाय ना सगळं?"

"एक ठेवली हाय," तो हळूच म्हणाला. "शेवटची. सापडली तं लिवा. मी पुसून टाकीन, शब्द हाय आपला."

तिनं शिंगं पाहिली. कान, डोळा, घुंगरू, चाकं. सगळं चोख. मग ती वळसा घालून मागं गेली — जी बाजू संघपाल भेटेपर्यंत तिनं कधी काढली नव्हती तिथं. पोळ्याला शेतकरी बैलाच्या अंगावर रंगानं काहीबाही लिहितात ना, तसं झुलीच्या काठाखाली, मागच्या बैलावर बसणाऱ्यालाच दिसेल अशा बारीक अक्षरांत लिहिलं होतं —

'दीपमाला, दर शुक्रवारी येजो.'

मॅडम नाही. जी नाही. सरळ एकेरीत येजो.

तिनं कागद काढला. यावेळी पेन थबकलं नाही. लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं. तो मोठ्यानं वाचू लागला.

'चूक : एक. दुरुस्ती करू नये. बाकी अकरा बैलांवर ही चूक नसावी. पास.'

"आन् शुक्रवारचं काय?" त्यानं विचारलं.

"उद्याच हाय ना," दीपमाला म्हणाली. "आता कायले वापस जाऊ? भजी सांग."

त्याचे डोळे पार मिटले.