उतरून आलेली काकू

काकांनी हे मला ते जाण्याच्या दहा दिवस आधी सांगितलं. मरायला टेकलेला माणूस सख्ख्या पुतण्याशी खोटं कशाला बोलेल? ऐकलं तसं सांगतो. तिखटमीठ लावलेलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीचा रविवार. समुद्राला चिकटून उभे डोंगर आणि पायथ्याशी मासेमारीचं बंदर.

काका इस्पितळात एक्स-रे काढायचे. तिथल्या अकरा जणांचा बेत ठरला. दिवसभर डोंगर चढायचा आणि संध्याकाळी बंदरावरच्या मासळी महोत्सवात जेवायचं. काकूही बरोबर होती.

काकू शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या असतील तेवढा वेळच गप्प, एरवी जिभेला हाड नाही. तिला कोळंबी चालत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकच तुकडा खाल्ला, तर घसा सुजून जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून बाहेर पडताना काकांच्या खिशात इंजेक्शन असायचंच. आणि त्या दिवशी तिच्या पाठपिशवीत ब्रेड-बटाट्याचा डबा होता.

"तुम्ही खा तुमचे किडे," ती निघताना म्हणाली. "मी बटाटा खात तुमची तोंडं बघेन."

सकाळी काकांनी प्रत्येकाच्या गळ्यात एकेक शिट्टी अडकवली. अडचण आली तर तीनदा वाजवायची.

उतरताना चारच्या सुमाराला समुद्रावरून धुकं चढलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. त्यातच बरोबरच्या एका सिस्टरचा पाय मुरगळला. काका पट्टी बांधायला बसले. काकू त्यांच्याजवळ थांबली. बाकीचे पुढे गेले.

तेवढ्यात वरून, मागच्या वाटेवरून... शिट्टी.

तीनदा. मग पुन्हा तीनदा.

"कुणीतरी मागे राहिलंय," काकू म्हणाली.

"आपले सगळे पुढे गेलेत."

"मग दुसरं कुणी असेल. माणूसच आहे ना? त्या वळणापर्यंत बघून येते. तुमची पट्टी होईपर्यंत परत."

"एकटी नको जाऊस."

"अहो, वळण ते केवढं."

ती वळणाआड गेली.

शिट्टी थांबली.

पट्टी झाली. पंधरा मिनिटं गेली. काकांनी हाका मारल्या. ओ आली नाही. ते वर जायला उठले, इतक्यात सिस्टर म्हणाली, "ह्या काय वहिनी, आल्या."

काकू येत होती...

पण खालच्या बाजूने.

वाट एकच. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र. काकांना ओलांडल्याशिवाय खाली जाणं शक्यच नव्हतं.

काकांच्या आणि सिस्टरच्या केसांतून धुक्याचं पाणी ठिबकत होतं. काकूचे केस कोरडे होते. पाठीवर पिशवी नव्हती. गळ्यात शिट्टी नव्हती.

"कोण होतं?"

"कुणी नाही. चला."

"पिशवी कुठंय?"

"पडली. चला."

बस, एवढंच. तेही काकूच्या तोंडून.

तिघं उतरू लागली. शंभरेक पावलं गेली असतील. मागे, उंचावर...

शिट्टी. तीनदा.

काका थबकले. काकूने वळूनही पाहिलं नाही.

"वारा आहे," ती म्हणाली.

हे सांगताना काकांनी डोळे मिटून घेतले होते. "मला बरं वाटलं रे," ते म्हणाले. "कारण मला परत चढायचं नव्हतं."

अंधार पडायच्या आत सगळे बंदरावर पोहोचले. बल्बच्या माळा, भाजल्या मासळीचा धूर, कर्ण्यावर गाणी. लांबलचक टेबलाशी सगळे बसले. मधोमध कोळंबीचं ताट आलं.

काकूने ते आपल्याकडे ओढलं.

आणि खायला लागली. डोक्यासकट. सालासकट. कराकरा.

काकांनी टेबलाखाली इंजेक्शन काढून मुठीत धरलं. तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. एक मिनिट. पाच मिनिटं. दहा.

काही झालं नाही.

"काय करतेस हे? तुला चालत नाही ते."

काकूने मान वर केली.

"आता चालतं."

कर्ण्यावरचं गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी क्षणभर शांतता झाली. तेवढ्यात डोंगरावरून...

तीनदा.

आता ती शिट्टी टेबलाशी बसलेल्या सगळ्यांनी ऐकली. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने विचारलं, "वर कुणी राहिलं नाही ना आपलं?"

काकू चावायची थांबली. काकांकडे बघत राहिली. त्यांच्या उत्तराची वाट बघत.

"नाही," काका म्हणाले. "सगळे आलो."

तिसऱ्या दिवशी ड्युटीचं निमित्त करून ते एकटेच वर गेले. वळणापलीकडे पिशवी होती. पडलेली नव्हती. वाटेवरून दिसावी अशी फांदीला नीट अडकवलेली होती.

आत डबा.

अर्धा खाल्लेला. उरलेला अर्धा रुमालात बांधून राखून ठेवलेला.

बाकी काही नाही. शिट्टी नाही. माणूस नाही. काकांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. अंधारून आलं तेव्हा उतरले.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? बायको हरवली म्हणून तक्रार द्यायची, तर बायको घरी शिवणयंत्रावर बसलेली.

त्यानंतर एकोणीस वर्षं दोघांनी एका छताखाली संसार केला. काकू कधी भांडली नाही. कधी आजारी पडली नाही. तोंडात टाचण्या नसतानाही गप्प असायची. आम्ही घरचे म्हणायचो, वयाबरोबर माणूस निवळतं.

काका जाऊन महिना झाला. काकूला मूलबाळ नाही. एकटी कशी राहील, म्हणून आईने तिला आमच्याकडे बोलावून घेतलंय. परवा येतेय. माझ्या शेजारची खोली रिकामी केली आहे. आईला मी काही बोललो नाही. काय कारण देणार?

काल काकूचा फोन आला. मीच उचलला. ती शांतपणे म्हणाली, "काका जाताना तुला काही बोलले का रे?"

मी नाही म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.