पांढऱ्यावर पांढरं

भीती वाटायला अंधारच लागतो असं म्हणणाऱ्यांनी स्वरदाची ती दुपार पाहायला हवी होती. जळोचीतलं नवं घर, वरची खोली, एप्रिलचं ऊन, आणि खोलीत इतका उजेड की काळं म्हणून काही उरलंच नव्हतं.

हौस तिचीच. वालचंदनगरला नोकरीला असलेल्या नवऱ्याने, राजवर्धनने, महिन्यापूर्वी कॅमेरा घेऊन दिला होता आणि बाईसाहेब मोबाइलवर व्हिडिओ बघून फोटो काढायला शिकत होत्या. आजचा धडा पांढऱ्यावर पांढरं. खिडकीला सासऱ्यांचं धुतलेलं धोतर बांधलं, म्हणजे ऊन गाळून मऊ येतं. पलंगावर पांढरी चादर ताणली, उजेड परतावा म्हणून बाजूला थर्माकोल उभा केला. मधोमध पाच महिन्यांचा विराज, पांढऱ्या झबल्यात.

सगळं जमलं. फक्त त्याच्या गालावरचं काजळाचं बोट डोळ्यांत खुपत होतं. सासूबाई, सरुबाई, रोज अंघोळीनंतर लावायच्या. आजही जिना उतरता उतरता बजावून गेल्या होत्या, "फोटू काढ, पर तीट पुसू नगंस."

स्वरदाने ओल्या कापसाने तीट पुसली. मनगटातला काळा दोराही काढून ठेवला. दोन मिनिटांचा तर प्रश्न.

पहिला फोटो लोण्यासारखा आला. ती स्वतःवरच खूश झाली. दुसऱ्यात विराज कॅमेऱ्याकडे न बघता डावीकडे बघून हसत होता, आणि त्या बाजूला चादरीवर दोन छोटे खळगे दिसत होते. तिने मान वर करून पाहिलं. चादर सपाट, ताणलेली. उजेडाचा खेळ, ती पुटपुटली.

तिसऱ्यात खळगे चार झाले. दोन गुडघे, दोन तळहात… रांगणाऱ्या पोराचे असतात तसे. चौथ्यात ते विराजपासून वीतभर अंतरावर होते.

विराज तर अजून रांगतही नव्हता.

खोलीत नासलेल्या दुधाचा वास सुटला होता. विराजचं हसू थांबलं होतं. तो एकटक डावीकडे पाहत होता, आणि त्याच्या झबल्याची कड कुणी चिमटीत धरावी तशी हळूहळू वर उचलली जात होती…

तिने कॅमेरा टाकला, पोराला उचललं आणि जिना कसा उतरली ते तिलाच ठाऊक नाही. पोर थंडगार लागत होतं. रडत नव्हतं. तिने ते सासूबाईंपुढे धरलं.

"आत्या… मी तीट पुसली. बघा ना… हा हलेना."

सरुबाई रागावल्या नाहीत, आणि स्वरदाला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी पोराला सतरंजीवर निजवलं, काजळाची डबी उघडली आणि गालावर ठळक ठिपका लावला. विराजने टाहो फोडला. स्वरदाच्या जिवात जीव आला. त्याच्याबरोबर तीही रडायला लागली.

"आलं, आलं माझं सोनं," सरुबाई म्हणाल्या. पण डबी मिटली नाही. बोट त्यांनी पुन्हा काजळात बुडवलं आणि विराजच्या डावीकडे, रिकाम्या सतरंजीच्या वर वीतभर उंचीवर नेलं.

"कुणाला लावताय… आत्या?"

"गप. एकालाच लावलं की दुसरं रुसतं."

बोट हवेत कशाला तरी टेकलं, जरा थांबलं. मागं आलं तेव्हा त्यावर काजळाचा डागही नव्हता.