अर्धा श्वास मागे

कावीळ उतरली तोवर राजेश्रीचे तिसऱ्या वर्षाचे एकेचाळीस दिवस बुडाले होते. हैदराबादच्या विद्यापीठात ती स्पॅनिश शिकत होती. व्याकरण आणि साहित्य तिने सोनपेठच्या घरी अंथरुणात पडून वाचून काढलं. उरला बोलीभाषेचा पेपर. तो तोंडी होता. १८ फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारी तीन वाजता, ऑनलाइन.

"पास झालीस तर पुढं," गोविंदराव म्हणाले. राजेश्रीचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. "न्हाई तर वर्ष गेलं समजायचं, घरीच ऱ्हायचं आन् बीएडची तयारी करायची. शाळेत समदे विचारायलेत, गुरुजी, आपल्या स्टँडवरून स्पेनची एस्टी कितीला सुटती?"

"बाबा, तुम्ही काय सांगितलं मग?"

"सांगितलं, पास काढायलीय पोरगी."

स्वतःच्या विनोदावर ते हसले. राजेश्री हसली नाही.

बोलीभाषा शिकवणाऱ्या माधवी मॅडमनी तिला बारा ध्वनिफिती पाठवल्या होत्या. स्पेनमधल्या एका लहान गावात घरोघरी जाऊन केलेली ही रेकॉर्डिंगं. पुस्तकातली भाषा वेगळी आणि स्वयंपाकघरातली वेगळी, म्हणून अभ्यासाची रीतही वेगळी होती. कानात इअरफोन घालायचे आणि ऐकता ऐकता तेच मोठ्याने बोलायचं. थांबायचं नाही. बोलणाऱ्याची सावली व्हायचं.

"फक्त अर्धा श्वास मागे राहा," मॅडमनी बजावलं होतं. "पाठ करून पुढे पळू नकोस. पुढे गेलीस की ऐकणं संपलं."

सातव्या फितीत आंपारो नावाची सत्तरीतली बाई होती. ती शेंगा सोलत बोलायची; दाणे भांड्यात पडल्याचा आवाज येई. मुलगी घर सोडून गेली, तिची वाट पाहते आहे, एवढंच तिचं बोलणं. दर दोन वाक्यांनी "मिरा, इखा", म्हणजे "हे बघ, पोरी". घसा जरा बसका. वाक्याच्या शेवटी श्वास आत ओढायची सवय. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

राजेश्री रोज दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसू लागली. ऊन चढलं की पत्रा कडकड वाजायचा. बाकी अकरा फिती ऐकायला वेळ नव्हता, म्हणून तिने सातवीच धरली. आठवड्याभरात ती पाठ झाली. मग दिवस वाचवायला तिने मॅडमनी नको म्हटलेलं तेच केलं. ती आंपारोच्या पुढे बोलू लागली. आधी एक शब्द, मग अख्खं वाक्य.

८ फेब्रुवारीला तिची आई, सुमंगलाबाई, चहा घेऊन वर आली. हातात दोन कप होते.

"दुसरा कोणाला?"

"तुझ्यासंगं बोलायलेत त्या बाईला. गेल्या का?"

"आई, कोणी नाही. मी एकटीच बोलतेय. हे बघ, इअरफोन."

आईने इअरफोन पाहिला, खोली पाहिली. "मंग मघाधरनं कोण बोलायलंय? तू बोलतीस आन् मागून ती बोलती. लय म्हातारा आवाज हाय."

राजेश्रीने फोनचा आवाज तपासला. इअरफोन काढून खाटेवर ठेवला. दोन हातांवरून काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून मॅडमना पाठवलं. उत्तर तासाभरात आलं: "हे चालणार नाही. मूळ फीत मागे वाजते आहे. परीक्षेत असं केलंस तर ती कॉपी धरली जाईल."

तिने ते रेकॉर्डिंग ऐकलं. आधी तिचा आवाज होता. त्याच्या मागे, अर्धा श्वास उशिरा, आंपारोचा.

तिने सातवी फीत पुसून टाकली. नववी घेतली, नावाप्रमाणे त्यात दोन पाववाल्यांची भांडणं होती. आयुष्यात न ऐकलेली फीत. पहिलं वाक्य सुरू होण्याआधी ते तिच्या तोंडातून बाहेर पडलं. घसा बसका होता. वाक्य संपल्यावर श्वास आत ओढला गेला.

कावीळ नुकतीच गेली आहे, घसा धरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. हळद घालून दूध घेतलं. नऊ दिवस ती स्पॅनिशमध्ये एक शब्दही बोलली नाही.

मंगळवारी तीनला ती पत्र्याच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसली. नियमाप्रमाणे इअरफोन नव्हते, दोन्ही हात टेबलावर दिसत होते. माधवी मॅडमना ती दिसत होती. स्पेनमधले बाहेरचे परीक्षक मात्र फक्त आवाज ऐकत. चेहरा पाहून गुण दिले जाऊ नयेत म्हणून ही पद्धत.

परीक्षकांनी घराविषयी विचारलं. राजेश्रीने उत्तर दिलं. तुरीच्या शेंगा, आठवडी बाजार, वडिलांची शाळा. शब्द अडले नाहीत. असं ती आजवर कधीच बोलली नव्हती. हे वर्ष वाचलं, असं तिला बोलता बोलताच वाटलं.

चौदा मिनिटं झाली. परीक्षकांनी आभार मानले आणि ते निघून गेले.

माधवी मॅडम मात्र पडद्यावर होत्या.

"मॅडम, झाले का पास?"

मॅडमनी पडद्यावर आलेला शेरा वाचला. त्यांचा आवाज सपाट होता. "ते लिहितात, आजीबाई छान बोलतात. पण विद्यार्थिनीला त्यांनी एकदाही बोलू दिलं नाही. चौदा मिनिटं वाट पाहिली. विद्यार्थिनी गैरहजर."

"मीच बोलत होते मॅडम! तुम्ही बघत होतात ना?"

मॅडम खुर्चीत मागे सरकल्या.

"तुझे ओठ हलत होते," त्या म्हणाल्या. "आत्ताही हलतायत."

पडदा काळा झाला. मॅडमनी संपर्क तोडला होता.

पत्रा कडकड वाजला. राजेश्री उठली, दारापर्यंत गेली आणि जिन्यात खाली ओरडली, "आई! आई, वर ये!"

पावलं वर आली. जिना जिथे वळतो तिथे थांबली. तिथून दार दिसत नाही. दारातून मात्र वळणावरच्या भिंतीवर पडलेली आईची सावली दिसते.

"आई, मी आहे."

सावलीचा हात वर गेला. सुमंगलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. घरात परकं वडीलधारं माणूस आलं की घेतात तसा, नीट, कपाळापर्यंत.

"बसा तुमी," आई अदबीने म्हणाली. "पाणी आणते. राजेश्री कुठं गेली की, दिसंना."