थडग्याची चौथी बाजू

क्लोव्हिसने थडग्याच्या तीन बाजूंना चुना फासला आणि चौथी, जिथून शवपेटी आत सरकवून दगड बसवला होता ती, तशीच कोरी सोडली. सर्व संतांच्या सणाला, थडगी रंगवायच्या दिवशी, असलं अर्धवट काम! ओदिलच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या मेहुण्याचं थडगं, आणि तिचा हा जावई ओकच्या झाडाच्या सावलीत घाम पुसतोय.

"तोंडाकडची बाजू कोण रंगवणार? पाद्री?"

"कामावरची सवय आहे, मिस ओदिल. बंद नळीच्या तोंडासमोर आम्ही उभे राहत नाही."

"माझ्या लेकाला, आल्सिदला बरं उभं केलंत!"

त्याने कुंचला बादलीत बुडवला.

एप्रिलमध्ये, भर समुद्रातल्या गॅस काढायच्या फलाटावर, गॅसच्या नळीत बर्फ अडकला होता. साधा नव्हे, पोटात वायू धरून बसलेला, काडी लावली तर पेटणारा. तो सोडवायचा तर दाब दोन्हीकडून सारखा उतरवावा लागतो. त्याला कित्येक दिवस लागतात. त्या दिवशी एकाच बाजूने उतरवला. बर्फाचा गोळा तोफेसारखा सुटला आणि आल्सिदच्या छातीत बसला. मुकादम क्लोव्हिस. त्याने जबाब दिला : आल्सिदने न विचारता झडप उघडली. ओदिलला वाचता येत नव्हतं. लेकीने तो कागद वाचून दाखवला, तोही खाली मान घालून.

ओदिलने कुंचला हिसकावला आणि ती चौथ्या बाजूला गेली.

दुपारचं ऊन पाठ भाजत होतं. खाडीत कोळंबीच्या होड्या डुलत होत्या. कुंचला दगडाला टेकला आणि तिथेच चिकटला. चुना गोठला होता. दगडाच्या फटींतून पांढरा बर्फ बाहेर फुगला होता.

तिने सणाची मेणबत्ती पुढे धरली. बर्फाने पेट घेतला. फिकट ज्योत वर, खाली टपटप पाणी.

आत, पार मागच्या टोकाला, काहीतरी ठोकल्याचा आवाज झाला.

मग जरा अलीकडे.

ओदिलने बादलीजवळची थापी उचलली आणि बर्फ खरवडू लागली.

"एका बाजूने नको!" क्लोव्हिस किंचाळत धावत आला. त्याने तिला बाजूला ढकललं आणि थापी धरली. "आल्सिद हेच सांगत होता मला त्या दिवशी! पाया पडत होता!"

ठोकणं थांबलं. दगड बोटभर पुढे सरकला.

क्लोव्हिसचा हात थापीसकट बर्फाला चिकटला होता. तो ओढत होता. सुटत नव्हता.

ओदिल दोन पावलं बाजूला झाली. झग्याला हात पुसले.

"म्हणजे माझ्या लेकराने सांगितलं होतं," ती म्हणाली. "मग आता उभा राहा तिथंच, क्लोव्हिस. तो येतोय."