पडेल ते गेट

मांजरानं ओट्यावरचं फुलपात्र पाडलं आणि संयोगिता खोतच्या हातातला चहा तिच्या वडिलांच्या लेंग्यावर सांडला. ती ओट्यापासून चांगली चार हात लांब उभी होती. पण फुलपात्र पडताना दिसलं मात्र, तिचं उजवं मनगट आपसूक मागं वळलं. मोटरसायकलची मूठ पिळावी तसं.

"हाताला काय झालंय गं तुझ्या?" आण्णा लेंगा झटकत म्हणाले.

"काय न्हाई आण्णा. कप निसटला."

कप निसटला नव्हता. तिनं तो घट्ट धरला होता, आणि तिथंच तर सगळा घोटाळा होता. पण आण्णांना उगाच घोर नको, म्हणून तिनं खोटंच सांगितलं.

रविवारी राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेची अंतिम फेरी होती, आणि तीही कोल्हापुरात. मालिकेत संयोगिता आघाडीवर होती. चौकाचौकात तिचे फलक लागले होते. हत्तीवरून साखर वाटायची तेवढी बाकी होती. गुडघ्याच्या दुखण्यानं आण्णांनी दोन वर्षं मैदान पाहिलं नव्हतं. या फेरीसाठी मात्र त्यांनी नवी टोपी कडक इस्त्री करून ठेवली होती. त्या टोपीचं एक काम ठरलेलं असे. लेक पहिल्या वळणावर पुढे आली की आण्णा कुंपणापाशी उभे राहून टोपी आभाळात उडवायचे. अशा कैक टोप्या चिखलात गेल्या होत्या, आणि दर वेळी आण्णा हसत नवी आणायचे.

मोटोक्रॉस म्हणजे चिखलमातीच्या, उंचवट्यांच्या वाटेवरची शर्यत. ती निम्मी सुरुवातीलाच ठरते. तीस गाड्या एका रांगेत उभ्या असतात आणि पुढे गुडघाभर उंचीचं लोखंडी गेट असतं. ते खाडकन पडलं की सगळे सुटतात. पहिल्या वळणावर जो पुढे, त्याला मोकळी वाट; बाकीच्यांनी त्याची माती खायची. म्हणजे गेट पडल्यावर कुणाचं मनगट आधी वळतं, एवढाच काय तो प्रश्न. माणूस कितीही चपळ असला तरी पाहणं आणि करणं यांत डोळ्याच्या पापणीएवढी फट राहतेच. ती फट बुजवण्यासाठी निमिषक आलं. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र मानेत, कातडीखाली बसवत. शर्यती भरवणाऱ्या संघानं परवानगी दिली, एकानं बसवून घेतलं, तो जिंकला. मग मागं राहायची हौस कुणाला होती? वर्षभरात सगळ्यांच्या मानेत दाणे पेरले गेले.

निमिषक घडवलं ते डॉ. हेमलता ऐनापुरे यांनी. संयोगिता त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी आधी टेबलावरून पेन्सिल खाली पाडली. संयोगिताचं मनगट वळलं.

"बंद करून टाका मॅडम ते यंत्र. शर्यत हरली तरी चालंल."

"ते बंदच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तू आत आलीस तेव्हाच मी बंद केलं."

त्यांनी पुन्हा पेन्सिल पाडली. मनगट पुन्हा वळलं. संयोगितानं डाव्या हातानं ते दाबून धरलं आणि तिला रडू आलं.

"डोळ्याला काही दिसलं की मेंदूत खबर जाते आणि तिथून हाताला हुकूम सुटतो," डॉक्टर सांगू लागल्या. "वाटेत एक जकातनाका आहे असं समज. हुकूम तिथं क्षणभर अडवतात आणि विचारतात, खरंच जायचंय का? आपण रागानं उगारलेला हात खाली घेतो, ओठावर आलेली शिवी गिळतो, ते याच नाक्यावर. निमिषकानं नाका चुकवणारी आडवाट काढून दिली. मला वाटलं होतं, यंत्र बंद केलं की आडवाटही बंद होईल. पण नसा त्या वाटेला सरावल्या. आता तुझा नाका ओस पडलाय."

"पण गेल्या फेरीपर्यंत फक्त गेटलाच हात वळायचा की! फुलपात्र म्हंजे काय गेट हाय व्हय?"

"हे गेट आणि हे फुलपात्र, असं ओळखणारं माणूसही त्याच नाक्यावर बसायचं. तेही उठून गेलं. आता पडेल ते गेट."

संयोगितानं आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हंजे माझ्या म्होरं कोण पडलं तर..."

"तू ब्रेक दाबायच्या आत हात मूठ पिळेल."

"त्येच्या अंगावर."

"होय," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं हेच. मी संघाच्या अध्यक्षांना सांगितलंय. अंतिम फेरी आटोपली की समिती नेमतो म्हणाले. तू तरी उतरू नकोस, संयोगिता."

'नाही उतरत' हे शब्द तिच्या ओठावर आले होते. पण तिला इस्त्रीची टोपी आठवली, आणि जन्मभर जिच्यासाठी हाडं मोडून घेतली ती ट्रॉफी आठवली. अडकलेलं माणूस फट शोधतं, तशी तिलाही एक सापडली.

"माझ्या म्होरं कोण नसलंच तर? पहिल्या वळणापासनं मीच म्होरं ऱ्हायली, तर माझ्या हातनं कोण मरणार न्हाई."

"ते तुझ्यापुरतं झालं," डॉक्टर म्हणाल्या.

रविवारी रांगेत उभं राहिल्यावर तिनं शेजारच्या दोघांना सगळं सांगून पाहिलं. दोघेही हसले. आमच्याही हातून हल्ली कप फुटतात, म्हणाले. मग एकामागून एक इंजिनं गरजली आणि बोलणं संपलं.

गेट पडलं. आपण निघालो आहोत हे संयोगिताला निघाल्यावर कळलं. पहिलं वळण आलं तेव्हा पुढे फक्त ओली, अस्पर्श माती होती. ना कुणाची पाठ, ना कुणाचं चाक. सुटलो बाई एकदाचे, असं वाटून तिचा ऊर भरून आला.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला, नेहमीच्याच जागी, कुंपणाला धरून आण्णा उभे होते. लेक पुढे आलेली पाहून त्यांना दुखरा गुडघा आठवला नाही. त्यांनी टोपी काढली आणि जीव खाऊन आभाळात उडवली.

टोपी वर गेली. कप निसटला असं आपण आण्णांना सांगितलं होतं, हे संयोगिताला त्या वेळी आठवलं. "आण्णा, नको!" ती ओरडली, पण हेल्मेटबाहेर काही गेलं नाही.

टोपी खाली येऊ लागली.

मनगट वळलं. ऐन वळणात मागचं चाक भरधाव फिरलं, घसरलं, आणि गाडी तिच्या पायावर आडवी झाली. पाय निघेना. तिनं मान वळवून मागं पाहिलं. एकोणतीस गाड्या येत होत्या. अंतर अजून पुष्कळ होतं; काल शिकायला लागलेल्यानंही सहज गाडी थांबवावी एवढं. पंच धोक्याचा पिवळा झेंडा जोरजोरात हलवत होता. पुढच्या रांगेतल्यांचे डोळे तिला चष्म्यांमागे दिसत होते. ते भीतीनं विस्फारले होते. त्यांतल्या एकालाही पुढे यायचं नव्हतं.

पण त्या सगळ्यांनी तिला पडताना पाहिलं होतं.

एकोणतीस मनगटं एकदम मागं वळली.