चौथं बोट

“यावर तुमचा विश्वास बसायचा नाही, पैज लावतो,” असं म्हटल्याशिवाय नीलकंठरावांच्या तोंडून गोष्ट निघत नसे. आणि कुणी चुकून विश्वास ठेवलाच, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे.

झाशीत बडा बाजारच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कडुलिंब आणि त्याखाली एक लाकडी बाक. दुपारी चारच्या चहाला त्या बाकावर जागा मिळायची मारामार. गरौठ्याच्या वाटेवर पेट्रोल संपलं तेव्हा टाकीत ताक ओतून त्यांनी फियाट घरी कशी आणली, बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या एका साहेबाच्या मॉरिसमध्ये मुंगूस राहायला आलं आणि हॉर्न वाजला की बाहेर येऊन सलाम कसं करायचं, हे सगळं त्या बाकावर ऐकायला मिळे. ऐकणारे म्हणत, “नीलू भैया, फेंको, मगर इतना तो मत फेंको.” मग ते तृप्त होऊन बशीतला चहा ओढत.

हा माणूस खोटं बोले ते फक्त तोंडाने. हाताने कधी नाही. तोंड आणि हात यांचा त्यांच्यात वेगळा संसार होता. जुन्या, लहान गाड्या तेवढ्या ते घेत. नवी गाडी दारात आली तर म्हणत, हिला मिस्त्री नको, कारकून पाहिजे, पुढे जा. पण एखादी चाळीस-पन्नास वर्षांची फियाट आली की तिचं बॉनेट असं अलगद उघडत, जसं कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं.

त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावरून झाशीतले बाकीचे मिस्त्री त्यांना हसत. सगळे जण गाडीची उंची रिकाम्या गाडीवर जुळवतात. नीलकंठराव आधी घरच्या माणसांना बोलावून घेत. जो जिथे बसतो त्याला तिथेच बसवत, आणि मग चाकाच्या टायरवर, मडगार्डच्या कडेखाली उजव्या हाताची बोटं आडवी घालून अंतर मोजत. म्हणत, गाडी माणसांसाठी असते. माणसं बसल्यावर ती सरळ उभी राहिली पाहिजे, रिकामी असताना कशीही तिरकी होईना का.

सुभेदार रामकृष्णांची अठ्ठ्याहत्तर सालची फियाट त्यांनी अशीच लावून दिली होती. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे. शेवटची बदली बबीन्याला झाली, आणि पेन्शन घेतल्यावर इथेच राहिले. पांढरी फियाट, पुढे सलग बाकासारखी सीट. उजवीकडे सुभेदार, डावीकडे पुष्पावहिनी. ती दोघं बसली की पुढच्या दोन्ही चाकांवर बरोबर तीन-तीन बोटं. वहिनी उतरल्या की डावीकडे चार. इतकं नेमकं काम त्यांनी दुसऱ्या कुणाच्या गाडीचं केलं नसेल. इंजिनचं हेड तासून, मोठा कार्बोरेटर बसवून त्यांनी तिच्यात असा दम भरला होता की सुभेदार एकटे असले तर बबीना रोडवरच्या पुलाचा चढ ती चौथ्या गिअरमध्येच चढून जाई. वहिनी असल्या की मात्र तिसरा टाकावा लागे. वहिनी म्हणत, “म्हणजे मीच जड झाले म्हणायचं.”

एकच काम राहिलं होतं. डावं दार आतून उघडत नसे. बाहेरूनच उघडावं लागे. नीलकंठराव दर वेळी हात घालायला जात आणि सुभेदार अडवत. तीस वर्षं ते स्वतः फेरी मारून येत, दार उघडत, वहिनी उतरत. बसतानाही तसंच. वहिनी हसून सांगत, “लष्करातला माणूस. घरात पेला उचलून ठेवत नाही, पण हे एक काम करतो. राहू द्या ते दार तसंच, भाऊजी.”

पौषात वहिनी गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि गेल्या.

तेरावा झाल्यावर सुभेदार गाडी घेऊन आले. एकटेच. काही बिघाड नव्हता. घरात बसवत नव्हतं, म्हणून आले. काय बोलावं ते नीलकंठरावांना सुचेना, आणि हे त्यांच्या बाबतीत नवीनच होतं. हाताला चाळा हवा म्हणून ते चाकाशी वाकले. उजवीकडे तीन बोटं गेली. सुभेदार गाडीतच बसले होते, म्हणजे बरोबर. डावीकडे चार जायला हवी होती.

तीनच गेली.

गाडी सरळ उभी होती. दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं दिसलं नसतं. सरळ गाडी बघून कोण दचकतं?

स्प्रिंग बसली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सुभेदारांना म्हणाले, उतरा, बघू. सुभेदार उतरले, बॉनेटला वळसा घालून डावीकडे आले, दार उघडलं, क्षणभर उभे राहिले आणि हळूच लावून घेतलं. सवय. नव्याने एकट्या झालेल्या माणसाकडे अशा वेळी बघायचं नसतं, म्हणून नीलकंठरावांनी मान खाली घातली. त्यामुळे त्यांचं लक्ष चाकाकडेच होतं. दार उघडलं तेव्हा स्प्रिंग कुरकुरली आणि मडगार्डची कड सावकाश वर आली. त्यांनी बोटं घातली. चार.

बसलेली स्प्रिंग पुन्हा उठत नाही. हे शिकायला गॅरेज लागत नाही.

तरी त्यांनी स्प्रिंग बदलली. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलला. रबरं नवी घातली. आठ दिवसांनी सुभेदार आले ते इंजिनची तक्रार घेऊन. पुलाचा चढ आता चौथ्यात चढत नाही, म्हणाले. नीलकंठरावांनी कार्बोरेटर उघडून धुतला, टॅपेट लावले आणि गाडी घेऊन एकटेच पुलावर गेले. गाडी चौथ्यात सरसर चढली. परत येऊन किल्ली दिली. सुभेदारांनी डावं दार उघडलं, थांबले, लावलं, मग फिरून आपल्या जागी बसले. गाडी निघाली. नीलकंठराव स्कूटरवर मागोमाग गेले. पुलाच्या मध्यावर इंजिनचा आवाज दबला, गाडी घुटमळली, आणि सुभेदारांनी तिसरा टाकला.

त्या आठवड्यात बाकावर एकही गोष्ट झाली नाही. लोकांनी विचारलं, तब्येत तो ठीक है, नीलू भैया? त्यांनी अपचनावर ढकललं.

फाल्गुनात एकदा सुभेदार निघताना नीलकंठराव अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, “आज ते डावं दार नाही उघडलंत तर?”

सुभेदारांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं उत्तर दिलं. “मग ती इथंच उभी राहील ना, नीलकंठराव.”

त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. सुभेदार रोज सकाळी बबीन्यापर्यंत जात आणि परत येत.

वैशाखात सुभेदारांची मुलगी आली. शाल्मली नाशिकला असते, शाळेत शिकवते. लहानपण इथलं, तेव्हा गॅरेजच्या बाकावर गोष्टी ऐकत मोठी झालेली. बोटांनी उंची मोजायला नीलकंठरावांनीच तिला शिकवलं होतं. ती आली ती सरळ शेडमध्ये, पाणीसुद्धा नको म्हणाली. बाबांचे दोन्ही डोळे अधू झालेत. नाशिकच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती एकदा टळली, आता टळली तर उजवा डोळा जाईल म्हणाले. मागच्या आठवड्यात बबीना रोडवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासून गाडी वाचली. आणि बाबा येत नाहीत. म्हणतात, तिला गाडीत एकटी टाकून कसा येऊ? खोटं वाटत असेल तर नीलकंठरावांना विचार, त्यांनी मोजलंय.

“क्या-क्या सुनाया आपने उनको?” ती म्हणाली. मग स्वतःला सावरून मराठीत आली. “काका, काय काय सांगितलंत तुम्ही त्यांना?”

आपण काहीच सांगितलं नाही, असं नीलकंठराव म्हणाले.

“तुम्ही? काहीच नाही?”

सत्तर वर्षांची कमाई होती ती.

ती बाकावर बसली. कडुलिंबाची पडलेली फुलं तिने पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, “आई गेली, काका. बाबा तरी राहू देत मला. त्यांना खरं काय ते सांगा. तुम्ही सांगितलेलं ते मानतील.”

खरं काय ते. नीलकंठरावांनी रात्र तशीच काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांचं ठरलं होतं त्याप्रमाणे गाडी गॅरेजवर आली. बापलेकीची संध्याकाळच्या रेल्वेची तिकिटं होती, पण सुभेदारांनी अजून होकार दिला नव्हता. गाडी चकचकीत होती. सकाळी मीच धुतली, शाल्मली म्हणाली. घासताना आईचा एक केस सापडला सीटच्या फटीत. ती मागच्या दारातून उतरून बाजूला उभी राहिली. सुभेदार आपल्या जागीच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

नीलकंठराव उजव्या खिडकीशी गेले. त्या दिवशी त्यांनी पैजेचं वाक्य गाळलं.

“सुभेदार, डाव्या बाजूची स्प्रिंग मी कापली आहे,” ते म्हणाले. “तेराव्यानंतर गाडी आणलीत ना, तेव्हा. एक वेढा काढला. गाडी एका बाजूला कललेली दिसली असती तुम्हाला रोज. मला ते बघवलं नसतं.”

सुभेदारांनी मान वळवली नाही. “पुलाचा चढ?”

“इंजिन थकलंय. तुमच्या-माझ्यासारखं.”

“आणि दार उघडलं की वर येते ती?”

नीलकंठरावांनी एकवार गाडीकडे पाहिलं. “ते तुम्हाला वाटतं,” ते म्हणाले.

शेडच्या पत्र्यावर ऊन कडकडत होतं. गल्लीतून कुणीतरी शीरमालच्या गोड रोट्या विकत गेलं. सुभेदारांनी डावा हात उचलून शेजारच्या सीटवर ठेवला, रेक्झिन दोनदा चाचपलं, आणि काढून घेतला.

“इतकी वर्षं तुमचं एकही खरं निघालं नाही, नीलकंठराव,” ते म्हणाले. “हेही नसतं निघालं, तर चाललं असतं.”

ते उतरले. आपल्या बाजूचं दार लावलं. किल्ली बॉनेटवर ठेवली. बॉनेटला वळसा घालायला पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. मग ताठ चालीने, परेडच्या मैदानावरून जावं तसे, गल्लीच्या तोंडाशी उभ्या रिक्षाकडे गेले. एकदाही मागे बघितलं नाही.

माणूस वाचला. नीलकंठरावांनी तेवढंच धरून ठेवलं. डोळा वाचला, मुलीला बाप मिळाला. उभ्या जन्मात बोललेलं एकच साधं, कुणालाही पटेल असं खोटं.

शाल्मली मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला परत आली. तिने पिशवी काढली, वाकून त्यांच्या पाया पडली. जाता जाता डाव्या चाकाशी थांबली.

लहानपणी शिकवलं होतं तसं तिने हात आडवा केला आणि बोटं मडगार्डच्या कडेखाली सरकवली.

तीन गेली. चौथं जाईना.

“बघितलंस?” नीलकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “कापलेली आहे.”

ती हात तसाच ठेवून बसली. तिच्या पाठीमागे गाडी रिकामी होती. चारही काचा बंद होत्या.

रिक्षाचा हॉर्न वाजला.

तिने बोटं पुन्हा एकदा सारून पाहिली. मग हळूच काढून घेतली आणि डाव्या दाराकडे बघत, कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाली, “तुम्ही खोटं बोललात, काका. सकाळी घरी मी याच कडेखालून फडकं फिरवलं. चार बोटं जात होती. काल घरी आल्यावर बाबांनी दार उघडलं होतं. इथे नाही उघडलं.”