एक टेबल, दोन खुर्च्या

दोन मोबाईल कंपन्यांची एक कंपनी झाली, हे मला कळलं तेव्हा आमच्या भोरच्या ऑफिससमोर टेम्पो उभा होता. त्यातून एक तरुण उतरला. हातात स्वतःची खुर्ची, केसांवर पावसाचे थेंब.

"मॅडम, आमचं कापूरहोळचं ऑफिस बंद केलं. आजपासून मी हितंच."

"पण इथे टेबल एकच आहे."

"म्हणून तर खुर्ची आणली."

असा अमृत आला. वेल्ह्याच्या डोंगरातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातला. हसला की आधी डोळे हसायचे. प्रिंटरही एकच. कागद घ्यायला दोघांचे हात एकदम पुढे जायचे... आणि एकदमच मागे यायचे.

"घ्या की, मॅडम."

"तुम्ही घ्या आधी."

"असंच करत बसलो तर कंपनी पुन्हा कुणीतरी विकत घेईल."

मग वरून निरोप आला. भोरला एकच माणूस राहील. दुसऱ्याने नागपूरला जायचं, नाहीतर राजीनामा. साहेब सोमवारी दोघांशी व्हिडिओवर बोलून ठरवणार.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर राहिना. जपाला बसले की मणी पुढे सरकायचे, मन मात्र त्या टेबलापाशीच. वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर. देवाकडे नोकरी मागावी तर अमृत जाणार. अमृत मागावा — तर आईला काय सांगू?

सोमवारी माझं मौन असतं. दुपारी महादेवाला पाणी घालेपर्यंत शब्द काढायचा नाही. गिऱ्हाइकांना ते ठाऊक. गेनबामामा तर खुणेनंच रिचार्ज मागतात. दुपारनंतर बोलू का, असं साहेबांना लिहिलं होतं. फोन सकाळीच आला.

"रत्ना मॅडम, तुम्हालाच का ठेवायचं, सांगा."

मी हात जोडले. पडद्यावरच्या कपाळाला आठी पडली.

"सर, त्यांचं मौन हाय," अमृत पुढे सरकला. "भाटघरच्या बाया ह्यांच्याबिगर कुणाला नंबर सांगत न्हाईत. माझं गिऱ्हाईकबी आता ह्यांच्याकडंच जातं. ह्यांनाच ठेवा."

"आणि तुम्ही?"

"माझी खुर्ची हलकी हाय, सर."

साहेब हसले. ठरलं.

दुपार होताच मी तडक देवळात गेले. पिंडीवर पाणी घातलं. बाहेर आले, तर पायरीवर अमृत... छत्री स्वतःवर नाही, माझ्या चपलांवर धरलेली.

मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा, ही माझी रीत. त्या दिवशी ओठांतून निघालं —

"अमृत, कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?"

"खोटं बोललो का म्या?"

"आता नागपूरला जाल."

"जाऊ?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "तुमी सांगा."

मी पदर बोटाला गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "नका जाऊ."

"राजीनामा द्यावा लागंल. विंझरकडं इंटरनेटच्या तारा ओढायचं काम मिळंल, पण पगार ठरलेला न्हाई."

"माझा आहे ना ठरलेला."

त्यानं रस्त्यावरची नजर माझ्याकडे वळवली. छत्री चपलांवरून माझ्या डोक्यावर कधी आली, कळलंच नाही.

"आईला घेऊन येतो तुमच्या घरी," तो म्हणाला. "गुरुवारी चालंल?"

"गुरुवारी माझा उपास असतो," मी म्हणाले. "तुमच्या आईला साबुदाण्याची खिचडी आवडते का?"